छापील मॅन्युअल की पीडीएफ? घरबसल्या वैमानिकांपुढील पेच

संगणकाच्या पडद्यावर विमान चालविण्याचा छंद आता चार दशकांहून अधिक जुना झाला आहे. अमेरिकेतील ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेला 'फ्लाइट सिम्युलेटर' मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आयबीएम पीसीसाठी बाजारात आणला, तेव्हा पडद्यावर दिसत असत त्या मोजक्या रेघा आणि काही डायल. आज याच छंदातील बोइंग ७३७ च्या कॉकपिटमध्ये बहुतेक प्रत्येक बटण दाबता येते आणि ते खऱ्या विमानातल्याप्रमाणे कामही करते. विमाने जसजशी अस्सल होत गेली, तसतशी ती चालविण्यासाठी लागणारी माहितीही वाढत गेली. छापील पुस्तक मात्र याच काळात खोक्यातून हळूहळू नाहीसे झाले. आता बहुधा खोकेही नसते. विमान इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे आणि त्यासोबत आलेली शेकडो पानांची पीडीएफ फाइल उघडायची, असा रिवाज पडला आहे.

या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांना त्यामुळे एक प्रश्न हमखास पडतो. ही फाइल पडद्यावरच वाचावी, की छापून घ्यावी? प्रश्न साधा दिसतो. पण छंद टिकणार की पहिल्या आठवड्यातच गुंडाळला जाणार, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते. ७३७ चे इंजिन एक कळ दाबून सुरू होत नाही. आधी शेपटीतील लहान इंजिन, म्हणजे एपीयू, चालू करावे लागते. त्याच्याकडून येणारी दाबाखालची हवा मुख्य इंजिनाच्या स्टार्टरला मिळावी म्हणून वातानुकूलनाचे पॅक बंद करावे लागतात. इंजिनाचा आतील भाग पुरेशा वेगाने फिरू लागल्यानंतरच इंधनाचा खटका वर करायचा असतो. यातील एक पायरी चुकली, तर हजारो रुपये मोजून घेतलेले विमान जागचे हलत नाही.

जाडजूड पुस्तकांचे दिवस

सुरुवातीच्या काळात मॅन्युअल भरघोस असे, त्यामागे तीन कारणे होती. पहिले कारण जागेचे. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्लॉपीवर ३६० किलोबाइट एवढीच माहिती मावत असे. एवढ्या जागेत कार्यक्रमच कसाबसा बसे. मग आकृत्या आणि स्पष्टीकरणे कागदावर छापण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरे कारण चोरीचे. फ्लॉपीची नक्कल मिनिटभरात होई, पुस्तकाची होत नसे. म्हणून काही कंपन्यांनी पुस्तकालाच कुलपाची किल्ली बनविले. १९८८ साली आलेल्या 'एफ-१९ स्टेल्थ फायटर'मध्ये सुरुवातीलाच एका विमानाचे चित्र दाखवून ते कोणते, असे विचारले जाई. उत्तर मॅन्युअलमध्ये असे. तिसरे कारण दुकानदारीचे. गिऱ्हाईक खोके हातात घेऊन पाहत असे आणि जड खोके त्याला पैशांचा मोबदला वाटत असे.

पुढे सीडी आली आणि जागेची अडचण संपली. शतक पालटताना मोठी खोकी मागे पडून डीव्हीडीच्या आकाराची वेष्टने आली. त्यांत जाड पुस्तक मावेना. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर २००४'मध्ये उड्डाणशिक्षक रॉड मचाडो यांचे धडे थेट पडद्यावर वाचता येत. ब्रॉडबँड आल्यावर उरलेले पुस्तकही फाइलमध्ये गेले. अपवाद आढळतात. २०२० साली नवा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आला, तेव्हा एरोसॉफ्ट या जर्मन कंपनीने दहा डीव्हीडी आणि छापील मॅन्युअल असलेली खोक्यातली आवृत्ती युरोपात विकली. पण तिची बातमी झाली, यातच ती किती अपवादात्मक होती हे दिसते.

एका बाइंडरची कथा

कागदाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर 'फाल्कन ४.०'चे उदाहरण घ्यावे. एफ-१६ या लढाऊ विमानाचे हे सिम्युलेटर मायक्रोप्रोजने १९९८ च्या डिसेंबरात आणले. त्याच्या सुरुवातीच्या प्रतींसोबत सुमारे ६०० पानांचे मॅन्युअल रिंग बाइंडरमध्ये येत असे. बाइंडरची योजना सोयीची होती. तो टेबलावर सपाट उघडा राहतो, पान आपोआप मिटत नाही आणि दोन्ही हात जॉयस्टिक व कीबोर्डसाठी मोकळे राहतात.

मात्र कार्यक्रमात दोष बरेच होते. ते दूर करणाऱ्या दुरुस्त्या इंटरनेटवरून येऊ लागल्या आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर काही ना काही बदलत गेले. बदलांचा तपशील मिळे तो 'रीडमी' नावाच्या छोट्या फाइलमधून. म्हणजे वर्षभराच्या आतच मॅन्युअल निम्मे कागदावर आणि निम्मे संगणकात, अशी स्थिती झाली. १९९९ च्या अखेरीस हे सिम्युलेटर बनविणारा कॅलिफोर्नियातील स्टुडिओ बंद करण्यात आला. पुढच्या वर्षी कार्यक्रमाचा मूळ संकेत बाहेर फुटला आणि हौशी मंडळींनी काम पुढे नेले. त्यातूनच उभे राहिलेले 'फाल्कन बीएमएस' आजही सुधारले जात आहे. त्याची मॅन्युअल पीडीएफ स्वरूपात असून नव्या आवृत्तीसोबत तीही नव्याने लिहिली जातात.

आज तो १९९८ चा बाइंडर कुणी उघडला, तर रडारचे तत्त्व आणि हवाई डावपेच यांवरची प्रकरणे अजूनही उपयोगी पडतील. कोणती कळ दाबल्यावर काय होते, हे सांगणाऱ्या पानांवर मात्र विसंबता येणार नाही. ज्ञानाचा जो भाग स्थिर असतो तो कागदावर टिकतो. जो बदलतो तो कागदावर शिळा होतो.

खऱ्या कॉकपिटमधील कागद

हौशी वैमानिक ज्यांचे अनुकरण करतात, त्या खऱ्या वैमानिकांनीही हाच पेच अनुभवला आहे. विमानातील छापील चेकलिस्टचे मूळ एका अपघातात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंगचे 'मॉडेल २९९' हे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. उभ्या विमानाचे पृष्ठभाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. वैमानिक अनुभवी होते. त्यांना कुलूप ठाऊक नव्हते असे नाही. यंत्र इतके गुंतागुंतीचे झाले होते, की स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तपासण्याच्या याद्या कागदावर उतरल्या आणि नित्याच्या झाल्या.

कागद पुढे इतका वाढला, की वैमानिकाची नकाशांची व पुस्तकांची बॅग सुमारे १६ किलो भरू लागली. अमेरिकन एअरलाइन्सने २०११ च्या अखेरीस आयपॅड वापरण्याची परवानगी मिळविली आणि २०१३ पर्यंत या बॅगा विमानातून काढल्या. वजन घटल्याने वर्षाला सुमारे दहा लाख डॉलरहून अधिक किमतीचे इंधन वाचेल, असा कंपनीचा हिशेब होता. त्याहून मोठा फायदा वेगळाच होता. हवाई नकाशांची माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. पूर्वी जुनी पाने काढून नवी लावण्याचे कंटाळवाणे काम हातांनी करावे लागे, ते संपले.

एप्रिल २०१५ मध्ये या नाण्याची दुसरी बाजू दिसली. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक नकाशा माहितीसाठ्यात दोनदा आल्याने आयपॅडवरील नकाशांचा कार्यक्रम बंद पडू लागला आणि कंपनीच्या काही डझन उड्डाणांना विलंब झाला. कागदाचे एक पान चुकले तर एक पान चुकते. फाइल बिघडली तर सारे पुस्तकच मिटते.

वाचणे वेगळे, शोधणे वेगळे

कागद की पडदा, या वादात दोन वेगवेगळ्या क्रियांची गल्लत होते. विमानाची विद्युत्‌प्रणाली समजून घेण्यासाठी प्रकरण सलग वाचणे, ही एक क्रिया. उड्डाण चालू असताना लाल दिवा लागला म्हणून त्याचा अर्थ शोधणे, ही दुसरी.

सलग वाचनात कागद अजून पुढे आहे. डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. त्या अभ्यासांतील वाचकांची एकूण संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक चांगला समजला आणि वाचनाला वेळेची मर्यादा असताना हा फरक वाढला. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. विमानाचे मॅन्युअल हे पहिल्या प्रकारात मोडते, हे सांगायला नको.

शोधण्यात मात्र पीडीएफला तोड नाही. सहाशे पानांत एक शब्द कोठे कोठे आला आहे, हे ती क्षणात दाखविते. छापील सूची कितीही चांगली असली, तरी ती सूची करणाऱ्याला जे सुचले तेवढेच सांगते.

डोळ्यांपुढे हेडसेट बांधून आभासी कॉकपिटमध्ये बसणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यांना टेबलावरचा कागद दिसतच नाही. खरा वैमानिक मांडीवर बांधतो त्या पाटीसारखी 'नीबोर्ड'ची सोय अनेक सिम्युलेटरांत असते. त्यावर पाने आधीच चढवून ठेवावी लागतात. २०२४ च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीत तर कॉकपिटमध्येच टॅब्लेट बसविलेला आहे.

काय छापावे, काय छापू नये

सर्व काही छापणे हा खर्चाचा आणि निराशेचा मार्ग आहे. पानाला दोन रुपये धरले, तरी सहाशे पानांचे बाराशे रुपये होतात आणि पुढच्या दुरुस्तीनंतर त्यातील काही पाने रद्दीत जातात. छापण्याजोगे आहे ते थोडे आहे. चेकलिस्ट, नेहमीची कार्यपद्धती, वेग व वजनांचे तक्ते आणि आपत्कालीन सूचना एवढी पाने स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवावीत. ज्या प्रणालीचा अभ्यास चालू असेल, तिचे प्रकरण तेवढे काढून घ्यावे. उरलेले मॅन्युअल टॅब्लेटवर किंवा दुसऱ्या पडद्यावर असू द्यावे.

छापताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली रंगाची. कॉकपिटमध्ये लाल दिवा म्हणजे तातडीचा इशारा आणि पिवळसर दिवा म्हणजे सावधगिरीची सूचना. काळ्या-पांढऱ्या छपाईत दोन्ही सारखेच करडे दिसतात. ती चार पाने रंगीतच छापून घ्यावीत. दुसरी गोष्ट आवृत्तीची. प्रत्येक पानाच्या तळाशी मॅन्युअलचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख आहे ना, हे पाहावे. नसल्यास पेनाने लिहावी.

विमानतळांचे नकाशे शक्यतो छापू नयेत. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपले अधिकृत नकाशे इंटरनेटवर विनामूल्य देते. तेथून हवा तो नकाशा हवा तेव्हा पाहता येतो. मात्र नकाशा आणि सिम्युलेटर यांचे साल जुळले पाहिजे. हैदराबादजवळील शमशाबाद आणि बेंगळुरूजवळील देवनहळ्ळी हे विमानतळ २००८ साली सुरू झाले. २००६ च्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'मध्ये ते मुळात नाहीतच. आजचा नकाशा हाती घेऊन त्या सिम्युलेटरमध्ये उतरू पाहणाऱ्याला खाली धावपट्टी सापडणार नाही. तसेच, छंदासाठी दिलेले नकाशे खऱ्या उड्डाणात वापरायचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःसाठी एक प्रत छापणे आणि तिच्या प्रती काढून विकणे यांतही फरक आहे. परवान्यातील त्यासंबंधीचे कलम आधी वाचलेले बरे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. विमान बनविणारी कंपनी बंद पडली, की तिचे संकेतस्थळ जाते आणि संकेतस्थळाबरोबर मॅन्युअलही जाते. कपाटातला जुना बाइंडर कुणाच्या परवानगीवाचून उघडतो. इंटरनेटवरचे मॅन्युअल कुणीतरी चालू ठेवले तरच उघडते. म्हणून विकत घेतलेल्या प्रत्येक विमानाची पीडीएफ फाइल त्याच दिवशी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. कागद कोणता आणि पडदा कोणता, याचा निर्णय नंतर सावकाश घेता येतो. त्यासाठी मॅन्युअल आपल्या ताब्यात असणे एवढे मात्र आवश्यक आहे.