स्पीकरमधला ‘फट्’ आवाज किती घातक?

संगणकाला जोडलेले छोटे स्पीकर तुम्ही वापरलेच असतील. संगणक सुरू केला, किंवा मोबाइलची पिन खोचली, की त्यांतून ‘फट्’ असा आवाज येतो. “अरे, स्पीकर जळेल!” असे लगेच कोणीतरी ओरडते. ही भीती खरी आहे का? चला, गणितच मांडून पाहू या.

प्रथम स्पीकरची रचना पाहू. कागदी शंकूच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते चुंबकाच्या फटीत मोकळे हलू शकते. प्रवाह एका दिशेने गेला की शंकू पुढे सरकतो, उलट दिशेने गेला की मागे. राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना मुळात आजही तशीच आहे.

एखादा जुना, सुटा स्पीकर मिळाला तर दीड व्होल्टच्या सेलच्या तारा त्याला क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज येईल. शंकू एकदम सरकला आणि त्याने हवेला धक्का दिला, एवढेच घडले.

‘फट्’ आवाजही असाच होतो. अनेक उपकरणे सुरू होताच त्यांच्या आतील विद्युत् दाब शून्यावरून पुरवठ्याच्या निम्म्यापर्यंत चढतो. वाटेतले धारित्र हा स्थिर दाब अडवते खरे; पण ते भारित होईपर्यंत एक झटका पुढे निसटतो, आणि प्रवर्धक त्याला मोठा करतो.

आता गणित. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरला ५ व्होल्ट मिळतात. आत दाब वाढवण्याची वेगळी सोय नसेल, तर झटका कितीही मोठा असला तरी वेटोळ्यावर ५ व्होल्टपेक्षा अधिक दाब येऊ शकत नाही. वेटोळ्याचा रोध ४ ओहम धरा. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते : २५ ÷ ४ = ६.२५ वॅट. समजा, झटका सेकंदाचा शंभरावा भाग टिकला. म्हणजे ऊर्जा झाली ०.०६२५ ज्यूल. वेटोळ्यात अर्धा ग्रॅम तांबे असेल, तर त्याचे तापमान १ अंशाने वाढण्यास सुमारे ०.१९ ज्यूल लागतात. म्हणजे वेटोळे तापेल जेमतेम एक तृतीयांश अंशाने! एवढ्याने ते कसे जळणार?

पण हाच ६.२५ वॅटचा प्रवाह बिघाडामुळे १० सेकंद सतत वाहत राहिला तर? ऊर्जा हजारपट होईल. काही उष्णता हवेत गेली तरी तारेवरचा लेप करपू शकेल. तेव्हा घातक असतो तो रेंगाळणारा प्रवाह. क्षणिक झटका नव्हे.

मग निर्धास्त राहावे का? नाही. शाळेच्या सभागृहातील मोठ्या प्रवर्धकाची गोष्ट निराळी. ४० व्होल्टचा झटका ८ ओहमच्या वेटोळ्यावर आला, तर क्षणिक शक्ती २०० वॅट होते! येथे धोका केवळ उष्णतेचा नसतो. शंकू मर्यादेबाहेर ढकलला जाऊन वेटोळे मागच्या पत्र्यावर आपटते, वाकते, किंवा शंकूचा आधार फाटतो. मग स्पीकर कायमचा खरखरतो. उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची तार तर फारच बारीक असते. म्हणूनच चांगल्या प्रवर्धकात काही सेकंद थांबून मगच स्पीकर जोडणारा रिले बसवतात.

स्नेहसंमेलनाच्या वेळी एवढे लक्षात ठेवा : प्रवर्धक सर्वांत शेवटी सुरू करायचा आणि सर्वांत आधी बंद करायचा. माइकची पिन काढण्या-घालण्यापूर्वी आवाज शून्यावर आणायचा. कानाला हेडफोन असेल तर तो आधी उतरवायचा. कारण स्पीकर दुरुस्त करता येतो, कान नाही.

तुमच्या घरच्या स्पीकरवर किती व्होल्ट आणि किती ओहम लिहिले आहे? ते वाचा आणि हेच गणित स्वतः करून पाहा.