छोट्या पाटीचा दर फुटावर काढला तर तोटाच

पौड (ता. मुळशी) : २०२२ च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. टपरीएवढ्या दुकानालाही पाटी लागते. पण ‘फुटाला किती?’ एवढ्यावरच दर ठरला तर पाटीवाला बुडतो.

समजा, पाटी ३ बाय २ म्हणजे ६ चौरस फुटांची आहे. फ्लेक्स, छपाई, फ्रेम मिळून ३०० रुपये लागले. डिझाइनला एक तास, पिरंगुटहून जाऊन शिडी लावून बसवायला दोन तास. तासाला १०० धरले तरी मजुरी ३००. पेट्रोल ६०. एकूण खर्च ६६०. त्यावर २५ टक्के, म्हणजे १६५ चढवले की दर ८२५.

फसगत इथंच होते. खर्चावर २५ टक्के म्हणजे विक्रीवर नफा २० टक्केच. गिऱ्हाइकानं घासाघीस करून २० टक्के सूट घेतली, की हातात शून्य.

पाटी मोठी असो की छोटी, हेलपाटा तेवढाच. म्हणून किमान दर आधी सांगावा, बसवणावळ वेगळी लावावी, अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत. आणि छापण्याआधी मजकुरावर दुकानदाराची सही घ्यावी. एक वेलांटी चुकली तरी पाटी पुन्हा छापावी लागते, अन् तो खर्च कोणाचा यावरून भांडण होतं.