पुण्यातले घर आणि परभणीची जमीन : काही रूढ गैरसमज

परभणी जिल्ह्यातील तरुण नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावला आणि त्याचे लग्न झाले, की दोन-चार वर्षांत त्याच्या घरी एका प्रश्नाची चर्चा हमखास सुरू होते : वाकड, रावेत, मोशी किंवा वाघोली अशा भागात मोठ्या किमतीचा टू-बीएचके फ्लॅट घ्यावा काय, आणि घ्यायचाच तर त्यासाठी गावाकडची किती जमीन मोडावी. या चर्चेत फ्लॅटचा दर, मजला, पार्किंग आणि कंपनीपासूनचे अंतर यांचा कीस काढला जातो. जमिनीची बाजू मात्र बहुधा ‘चार एकर काढून टाकू’ एवढ्या एका वाक्यात आटोपते. वस्तुतः हे निरनिराळ्या कायद्यांखाली होणारे, तरीही एकमेकांत गुंतलेले दोन व्यवहार आहेत, आणि पुढे नोंदवलेले बहुतेक गैरसमज जमिनीचा व्यवहार गृहीत धरून केवळ फ्लॅटकडे पाहिल्यामुळे उद्भवतात.

‘जमीन काय, पैसा आला की पुन्हा घेता येईल’

हा समज सर्वांत महाग पडणारा आहे, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घेण्याचा अधिकार कोणालाही सरसकट नाही. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे परभणीतील शेतजमिनींच्या हस्तांतरणाला आजही हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याच विषयाचा 1948 चा वेगळा कायदा चालतो. दोन्हींचे सूत्र सारखेच आहे : शेतजमीन शेतकऱ्याकडेच राहावी आणि बिगरशेतकऱ्याला ती घ्यायची असल्यास त्याने सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी मिळवावी. खरेदीच्या वेळी आपण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारक आणि पीकपाणी दाखवणारा उतारा, किंवा आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा गोषवारा, पुढे करावा लागतो. ज्या मुलाचे नाव कधी सातबाऱ्यावर लागलेच नाही आणि ज्याच्या वडिलांनी शेवटचे दोन एकरही फ्लॅटसाठी विकले, त्याच्याकडे वीस वर्षांनी पैसा असला तरी हा पुरावा नसतो. म्हणून जमीन विकणे अटळ असले, तरी ती संपूर्ण विकणे आणि काही क्षेत्र मुलांच्या नावे राखून उरलेली विकणे यांत केवळ एकरांचा नव्हे, तर प्रकाराचा फरक आहे. जालना–नांदेड द्रुतगती महामार्गात ज्यांची जमीन जाते, त्यांनाही हाच मुद्दा लागू पडतो : हाती आलेला मावेजा, म्हणजे संपादनाचा मोबदला, फ्लॅटमध्ये घालणे गैर नाही, परंतु संपादनातून वाचलेला तुकडाही त्याच ओघात विकून टाकण्याचा मोह टाळलेला बरा.

दुसरा भ्रम सह्यांचा आहे. ‘बहिणींना लग्नात दिले, त्यांचा आता काही संबंध नाही’ असे अद्यापही सर्रास म्हटले जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे जन्मामुळेच हिस्सेदार ठरते, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन ते स्वतःच्या मर्जीने विकू शकतात. वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत मात्र सावध ग्राहकाचा वकील सर्व मुलींच्या संमतीच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतोच. सातबाऱ्यावर केवळ वडिलांचे नाव असणे याला उत्तर ठरत नाही, कारण सातबारा हा मूलतः महसुली अभिलेख असून मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. शिवाय जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, म्हणजे इनाम किंवा शासकीय वाटपासारख्या कारणाने तिच्या विक्रीवर निर्बंध असतील, तर परवानगीला लागणारा काळ धरल्याशिवाय पुण्यातील बिल्डरला हप्त्यांच्या तारखा देणे धोक्याचे असते. इकडचा सौदा रखडतो आणि तिकडे विलंबाचे व्याज सुरू होते, हा या दुहेरी व्यवहारातील नेहमीचा अपघात आहे.

इसाराविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ घेतलेली रक्कम, रोखीने घेण्याची रीत जुनी आहे. परंतु 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली असून, दंड घेणाऱ्यावर, म्हणजे जमीन विकणाऱ्यावर आणि स्वीकारलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. दोन्ही पक्षांचे उत्पन्न केवळ शेतीचे असेल तेथे सवलत आहे, मात्र जमीन घेणारा व्यापारी किंवा पगारदार असल्यास ती मिळत नाही. दस्तात किंमत कमी दाखवून उरलेले पैसे रोख घेण्याची ‘सोय’ तर विकणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ तोट्याची आहे. ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नसल्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागत नाही. मग किंमत लपवून वाचते ते फक्त घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क, आणि विकणाऱ्याच्या हाती मात्र असा पैसा उरतो, ज्याचा स्रोत फ्लॅट घेताना सिद्ध करता येत नाही. कोणती जमीन ग्रामीण, याचेही माप ठरलेले आहे. एक लाखापेक्षा अधिक आणि दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून 6 किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरली जात नाही आणि 2011 च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेले परभणी शहर या वर्गात येते. सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 2 किलोमीटर आहे, आणि ते रस्त्याने नव्हे, हवाई मोजले जाते.

‘ऐंशी लाखांचा फ्लॅट ऐंशी लाखांना पडतो’

उदाहरणादाखल 80 लाख रुपये करारमूल्याचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला, तर पुणे शहरात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार रुपये, नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचे 30 हजार आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येबाहेरील फ्लॅटसाठी 5 टक्के दराने वस्तू व सेवा कर 4 लाख, असा सुमारे 9 लाख 90 हजारांचा बोजा वर पडतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या तयार फ्लॅटवर वस्तू व सेवा कर नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बँकाही पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाहीत : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा असून, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. येथे 60 लाखांचे कर्ज घेतले, तर उरलेले 20 लाख आणि वरचे जवळपास 10 लाख असे 30 लाख घरातून उभे करावे लागतात, आणि बऱ्याच घरांत जमिनीच्या विक्रीचा विषय निघतो तो याच आकड्यापाशी.

‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’

हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच त्याचा पगडा मोठा आहे. वरील 60 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे 52,070 रुपये येतो आणि पहिल्या हप्त्यातले 42,500 रुपये व्याजाचेच असतात, मुद्दलात जेमतेम साडेनऊ हजार जातात. पाच वर्षांत सुमारे 31 लाख 24 हजार रुपये भरूनही कर्ज जवळपास 52 लाख 90 हजार शिल्लक राहते. अर्थात तेवढ्या काळात फिटलेले मुद्दल सात लाखांच्या थोडे वर असते. तसाच फ्लॅट 25 हजार रुपये भाड्याने मिळत असेल, तर भाडे ‘पाण्यात’ जाते तसे सुरुवातीच्या वर्षांतले व्याजही जाते, आणि अधिक जाते. तुलना करायची तर ती भाडे आणि व्याज, सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि विकलेल्या जमिनीचे थांबलेले उत्पन्न यांची करावी, भाडे आणि हप्ता यांची नव्हे. बटईने दिलेल्या चार एकर कोरडवाहूचे उत्पन्न थोडे आणि पावसाच्या भरवशाचे असते हे मान्य, पण शून्य धरण्याइतके ते थोडे नसते.

मालकीच्या बाजूनेही वजनदार कारणे आहेत, आणि ती केवळ भावनेची नाहीत. शहरातील भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचा, दरवर्षी वाढणारा आणि मालकाच्या मर्जीवर टिकणारा असतो. मुलांची शाळा एका ठिकाणी स्थिरावली असताना किंवा आईवडील उपचारासाठी वर्षातले काही महिने येऊन राहत असताना हे अस्थैर्य जाचक होते. ज्याची नोकरी पुण्यातच दहा-बारा वर्षे राहण्याची शक्यता आहे आणि ज्याचा हप्ता एकाच्या पगारात बसतो, त्याने विकत घेणे योग्य ठरू शकते. ज्याला तीन वर्षांत बंगळूर किंवा हैदराबाद गाठावे लागेल, त्याने मुद्रांक शुल्कात पाच-सहा लाख घालण्याची घाई करू नये.

‘जागेचा भाव कधी उतरत नाही’ हा याच समजाचा जोडीदार आहे. भाव जमिनीचा चढतो, इमारत मात्र जुनी होत जाते, आणि फ्लॅटधारकाच्या वाट्याला जमिनीचा केवळ अविभक्त अंश येतो. 60 लाखांचा फ्लॅट दहा वर्षांनी 80 लाखांना विकला, तर वाढ वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी पडते.

‘महारेराचा क्रमांक आहे, म्हणजे काळजी नाही’

स्थावर संपदा कायदा 2016 चा असून महाराष्ट्रातील प्राधिकरण, म्हणजे महारेरा, 2017 पासून काम करते. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प वगळता नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे शासनाने दिलेली हमी नव्हे, तर माहिती उघड करण्याची सक्ती आहे. तिचा उपयोग क्रमांक वाचून नव्हे, तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाखाली ठेवलेला जमिनीच्या मालकीचा कायदेशीर अहवाल, मंजूर नकाशा, प्रकल्पावरील कर्ज आणि चालू दावे उघडून पाहिले तरच होतो. कायद्याने किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून आणि आतल्या भिंती धरून उरणाऱ्या वापरण्याजोग्या जागेवर, सांगायची असते. ‘सेलेबल’ चौरस फुटांचा आकडा कानी पडला, तर संभाषण तेथेच थांबवून चटई क्षेत्र विचारावे. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही आणि ताबा रखडल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, नसताना केवळ किल्ली घेणे हा ताबा नव्हे.

‘कर्ज काढले की कर वाचतो’

जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला 2 लाखांपर्यंतच मिळते, तर 60 लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज पाच लाखांच्या घरात असते. वेगळा पर्याय न निवडल्यास आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट मिळतच नाही. सर्वोच्च दराच्या करदात्यालाही 2 लाखांवर वाचणारा कर 62 हजारांच्या आसपास राहतो, त्यासाठी पाच लाख व्याज भरणे हा हिशेब होऊ शकत नाही.

खरेदी कोणाच्या नावे करायची, याचा विचार बहुधा शेवटी होतो, वास्तविक तो आधी व्हायला हवा. सर्व खरेदीदार स्त्रिया असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट मिळते, वरील उदाहरणात 80 हजारांची. मात्र मुलाचे नाव जोडताच ती जाते, आणि नाव न जोडल्यास तो केवळ सहकर्जदार राहतो. सहकर्जदार म्हणजे सहमालक, हाही एक गैरसमजच आहे : पहिल्यावर फेडीची पूर्ण जबाबदारी असते, मालकी मात्र दस्तात नाव असलेल्याचीच. जमीन विकून 30 लाख देणाऱ्या वडिलांचे नाव करारनाम्यात नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या घरावर त्यांचा हक्क कोठेच नोंदला जात नाही. म्हणून रक्कम वडिलांच्या खात्यातून थेट बिल्डरला जावी आणि करारनाम्यातच त्यांचा हिस्सा टक्क्यांत लिहिला जावा; नोंदणीच्या वेळी याला वेगळा खर्च येत नाही, नंतर नाव जोडायचे ठरल्यास मात्र बक्षीसपत्र करून त्यावर पुन्हा मुद्रांक शुल्क भरावे लागते.