दहावीचे एक विज्ञान, अकरावीची तीन शास्त्रे

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरा दिवसांत मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'गुण चांगले आहेत, तेव्हा सायन्सच घ्यायचे.' गुण कोणत्या विषयांत चांगले आहेत, विज्ञान शाखेत नेमके कोणते विषय असतात, त्यांपैकी कोणता सोडला तर पुढची कोणती वाट बंद होते आणि हे विषय कोणत्या भाषेत शिकवले जातात, हे प्रश्न मात्र बहुधा प्रवेश अर्ज भरताना आणि काही वेळा तो भरून झाल्यावरच पुढे येतात. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये केवळ दोन महिन्यांची सुटी नसते; तेथे विषयांची रचना, काठिण्यपातळी आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत हुशार समजली जाणारी मुले गोंधळतात, त्याचे मूळ या तिहेरी बदलात आहे.

शाळेतील विज्ञान सर्वांसाठी सक्तीचे आहे, यामागे एक धोरण आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विज्ञान व गणित हे सामान्य शिक्षणाचेच अंग मानावे, अशी शिफारस केली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती स्वीकारली. पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलाने आणि किराणा दुकान सांभाळणाऱ्या मुलानेही दहावीपर्यंत सारखेच विज्ञान शिकावे, असा त्याचा अर्थ. म्हणूनच २०१६ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने बदललेल्या 'बालभारती'च्या पुस्तकांत सहावी ते आठवीला 'सामान्य विज्ञान' आणि नववी-दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' अशी नावे आढळतात. प्राथमिक वर्गांत तर विज्ञान हे स्वतंत्र नावानेही येत नाही. ते 'परिसर अभ्यासा'त मिसळलेले असते.

दहावीला या विषयाचे दोन भाग होतात. २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकांनुसार पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा असे दहा पाठ आहेत. दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांतीपासून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनापर्यंतचे दहा पाठ येतात. दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून ४० गुण, तर जीवशास्त्र हे पर्यावरण व आरोग्यासह ४० गुण. पालक ज्या 'विज्ञानात नव्वद'च्या भरवशावर शाखा ठरवतात, ते नव्वद गुण या सगळ्या मिश्रणाचे असतात. त्यातून मुलाला भौतिकशास्त्र झेपते की जीवशास्त्र आवडते, हे कळत नाही. ते पाहायचे तर गुणपत्रिका पुरेशी नाही. सराव परीक्षांच्या दोन भागांच्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या पाहणे अधिक उपयोगी ठरते.

अकरावीत हे मिश्रण सुटे होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे स्वतंत्र विषय होतात. पहिल्या तिघांची बारावीची परीक्षा प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिक अशी असते, गणिताची ८० आणि २० अशी. दहावीत ज्या भौतिकशास्त्राला सहा-सात पाठ पुरतात, त्यालाच अकरावीच्या २०१९ च्या पुस्तकात १४ आणि बारावीत १६ प्रकरणे दिलेली आहेत. वाढ केवळ पानांची नाही. गुरुत्वाकर्षणाचेच उदाहरण घेता येईल. केप्लरचे नियम, न्यूटनचा सिद्धान्त, मुक्तिवेग आणि पृथ्वीसाठीचे त्याचे ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद हे मूल्य दहावीतच येऊन गेलेले असते. सूत्र पाठ करून किमती घातल्या की उदाहरण सुटते. अकरावीत तोच विषय सदिश राशी, कक्षेतील उपग्रहाची ऊर्जा आणि सूत्राची सिद्धता यांच्यासह परततो. त्याआधीच दुसऱ्या प्रकरणात सदिशांची गणिते आणि कलनाची ओळख उरकलेली असते. दहावीच्या भूमितीतील त्रिकोणमिती 'चार गुणांची' म्हणून सोडून दिलेला विद्यार्थी येथे प्रथम अडतो, आणि आपल्याला भौतिकशास्त्र जमत नाही असा समज करून घेतो. प्रत्यक्षात त्याचे अडलेले असते ते गणित.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे अध्यापन, पुस्तके आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत असतात. दहा वर्षे 'त्वरण', 'संवेग', 'जडत्व' शिकलेल्या मुलाला जूनपासून 'अ‍ॅक्सिलरेशन', 'मोमेंटम', 'इनर्शिया' हे शब्द ऐकावे लागतात. कल्पना ओळखीची असते. तिचे नाव अनोळखी असते. परावर्तन, अपवर्तन, अपस्करण या तीन शब्दांतील फरक ज्याने नीट समजून घेतला आहे, त्याला 'रिफ्लेक्शन', 'रिफ्रॅक्शन', 'डिस्पर्शन' कळायला एक तास पुरेसा आहे. पण तो तास वेळापत्रकात कोठेच नसतो. वर्गात विद्यार्थी शंका विचारत नाही, कारण शंका विज्ञानाची आहे की भाषेची हेच त्याला सांगता येत नाही.

काही मराठी संज्ञा विचार स्वच्छ करतात, हेही नोंदवले पाहिजे. रोजच्या बोलण्यात आपण गाडीच्या कोणत्याही गतीला 'वेग' म्हणतो. पाठ्यपुस्तक मात्र दिशा नसलेली ती 'चाल' आणि दिशेसह तो 'वेग' असा भेद करते. ज्याला हा भेद पक्का कळला, त्याला 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' वेगळे का, हे पुन्हा शिकवावे लागत नाही. उलट एक सापळाही आहे. मराठीत 'अणू' म्हणजे अ‍ॅटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अ‍ॅटमला 'परमाणु' आणि मॉलिक्यूलला 'अणु' म्हणतात. इंग्रजी जड जाते म्हणून हिंदी चित्रफितींचा आधार घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला 'अणु' हा ओळखीचा शब्द ऐकू येतो आणि अर्थ मात्र भलताच असतो. रसायनशास्त्राचा आरंभच मोल संकल्पनेने होत असल्याने ही गल्लत पहिल्याच महिन्यात महाग पडते.

या अडचणीवर शाळांनी काढलेला तोडगा म्हणजे सेमी इंग्रजी. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. कोठे ही तुकडी आठवीपासून सुरू होते, कोठे पाचवीपासून. तिने अकरावीची पायरी काहीशी उतरती होते, यात शंका नाही. परंतु शिकवणारा शिक्षकच इंग्रजीत अवघडलेला असेल, तर मूल व्याख्या इंग्रजीत पाठ करते आणि त्यामागचे कारण कोणत्याच भाषेत सांगू शकत नाही. संज्ञा इंग्रजी आणि स्पष्टीकरण मराठी, ही अनेक अनुभवी शिक्षकांची जुनीच रीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

गंमत अशी की, प्रवेश परीक्षांनी मराठीला दार उघडले आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०१७ पासून आणि अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून मराठीतूनही देता येते. मात्र दोन वर्षे इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी ऐन परीक्षेत बारावीच्या मराठी संज्ञांना सामोरा जातो, तेव्हा त्यातल्या बऱ्याच तो प्रथमच वाचत असतो. 'नीट'मध्ये भाषांतराबाबत संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो, हेही अर्ज भरताना लक्षात ठेवावे लागते.

विषयगटाची निवड हा पुढचा पेच. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र कायम ठेवून बहुतेक मुले गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक निवडतात. उरलेल्या जागी भूगोल, माहिती तंत्रज्ञान यांसारखा विषय घेतात. जीवशास्त्र नसेल तर 'नीट' नाही आणि त्यामुळे एमबीबीएस, दंतवैद्यक किंवा आयुर्वेदही नाही. गणित नसेल तर राज्याच्या सीईटीतील अभियांत्रिकीचा गट, वास्तुशास्त्र आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल व हवाई दलाच्या जागा दूर राहतात. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीसाठी मात्र दोन्ही गट चालतात. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही 'नीट'ची मुभा दिली, त्यामुळे एक बंद दार किलकिले झाले आहे. दोन्ही विषय घेऊन सर्व वाटा मोकळ्या ठेवाव्यात, असा सल्ला नातेवाईक उदारपणे देतात. दोन्ही विषयांचा भार पेलताना मुलाच्या हाती दिवसाचे किती तास उरतात, याचा हिशेब ते करीत नाहीत.

याशिवाय द्विलक्षी अभ्यासक्रम आहे. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, मत्स्यविज्ञान यांसारखा २०० गुणांचा व्यवसायाभिमुख विषय त्यात दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी घेता येतो. हाताने काम करून शिकणाऱ्या मुलांना तो मानवतो. शाळेच्या पातळीवर असाच एक प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने केला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शेती, ऊर्जा, कार्यशाळा आणि घर-आरोग्य या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात.

याउलट नेहमीच्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांची स्थिती काळजीची आहे. खासगी शिकवणी वर्गांशी संधान बांधून हजेरी केवळ कागदावर दाखविण्याचे प्रकार वाढल्याने २०१८ मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचे आदेश काढावे लागले. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार असतो. प्रयोगवहीला काहीच नाही. त्यामुळे वर्गाला प्रयोगशाळा अडथळा वाटते, आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण 'मिळतातच' असे गृहीत धरले जाते. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाचा मागील वर्षीचा 'कटऑफ' सर्वजण विचारतात. प्रयोगशाळा किती, एका तुकडीत किती मुले आणि आठवड्यातून प्रात्यक्षिके किती वेळा होतात, हे विचारायला कोणी मनाई केलेली नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पहिल्या महिन्यात संज्ञांचा वर्ग घेतला जातो का, हा प्रश्नही त्याच खिडकीवर विचारता येईल.