पेयजल शुद्धीकरण (मुंबई)

पेयजल शुद्धीकरण, मुंबईतील : पाण्यातील गाळ व रोगजंतू काढून ते पिण्यायोग्य करण्याची क्रिया. मुंबईस नळाचे पाणी १८६० मध्ये विहार तलावातून मिळू लागले. आज बहुतेक पाणी भांडुप व पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होते. तुरटीमुळे सूक्ष्म गाळाचे पुंजके बनून ते निथळ टाकीत तळाशी बसतात. उरलेला गाळ वाळूच्या निस्यंदकांत अडतो. तुरटीची मात्रा ठरीव नसते. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की चालकास काही भांड्यांत निरनिराळ्या मात्रा घालून ती नव्याने ठरवावी लागते. अखेरीस क्लोरीन मिसळतात. जंतू गाळकणांच्या आड दडत असल्याने आधीची हयगय जादा क्लोरिनाने भरून निघत नाही.

खरी कसोटी मात्र केंद्राबाहेर लागते. गिरगावच्या काय किंवा लालबागच्या काय, चाळींत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा थांबताच वाहिनीतील दाब उतरतो आणि झिजलेल्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. तेथे आधार अवशिष्ट क्लोरिनाचा. भारतीय मानकानुसार ते ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिग्रॅ. असावे लागते. घाण पुष्कळ शिरल्यास तेही पुरत नाही. म्हणून केंद्राप्रमाणेच वाहिनीच्या टोकाकडील नळांवरही नमुने घेतात. तेथील क्लोरीन एकाएकी नाहीसे होणे ही बहुधा वाटेत कोठेतरी दूषित पाणी शिरल्याची खूण असते, आणि ती चाळीत हगवण सुरू होण्याआधी हाती येऊ शकते.