मेल मर्ज करताना डेटाबेसचा मॅक्रो कसा रोखावा?

शेवगाव - सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे शेवगाव तालुक्यातील सेवा सोसायट्या व पतसंस्थांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर हा सभासदांना नोटिसा पाठविण्याचा काळ असतो. सभासदांची यादी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये असल्यास वर्डमधील ‘मेल मर्ज’ या सोयीने एकाच मसुद्यावर प्रत्येकाचे नाव, गाव आणि थकबाकी छापता येते. मात्र नोटिसा छापायला घेतल्या की कधी कधी पडद्यावर डेटाबेसचा मुख्य मेनू उघडतो, पासवर्ड विचारला जातो आणि काम अडते. डेटाबेस उघडताच आपोआप चालणारा मॅक्रो हे त्याचे कारण असते.

धोका कोणता?

अ‍ॅक्सेसमध्ये ‘ऑटोएक्झेक’ या नावाने जतन केलेला मॅक्रो फाइल उघडल्याबरोबर चालतो. सुरुवातीला दाखवावयाचा फॉर्मही ठरवून ठेवता येतो आणि त्याला जोडलेला कोडही त्याच वेळी चालतो. दैनंदिन कामात ही सोयच आहे. परंतु या मॅक्रोत थकबाकीवर व्याज आकारणे किंवा आदल्या दिवसाचे व्यवहार बंद करणे अशी कामे घातलेली असतील, तर केवळ पत्ते वाचण्यासाठी उघडलेल्या फाइलमधील हिशेबच बदलू शकतो. नोटिशीवरील आकडा आणि खातेवहीतील आकडा जुळला नाही, तर सभेत उत्तर देण्याची वेळ सचिवांवर येते.

मार्ग महत्त्वाचा

मॅक्रो चालणार की नाही, हे वर्ड कोणत्या मार्गाने माहिती घेते यावर अवलंबून असते. वर्ड ९७ व वर्ड २००० मध्ये त्यासाठी ‘डीडीई’ हा मार्ग वापरला जाई. त्यात वर्ड प्रत्यक्ष अ‍ॅक्सेस सुरू करून फाइल उघडते, त्यामुळे मॅक्रोही चालतो. वर्ड २००२ पासून ‘ओएलई डीबी’ हा मार्ग मूळ मांडणीत आला. या मार्गात अ‍ॅक्सेस न उघडता थेट तक्ते वाचले जातात. साहजिकच मॅक्रोला संधी मिळत नाही आणि देवनागरीतील नावेही नीट उतरतात.

नव्या वर्डमध्येही मॅक्रो चालत असेल, तर जुना मार्ग निवडला गेला आहे काय, हे पाहावे. वर्डच्या पर्यायांमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागातील ‘जनरल’ भागात फाइल उघडताना रूपांतराची खात्री करून घेण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण केल्यास डेटाबेस निवडल्यानंतर मार्गांची यादी समोर येते. तेथे ‘ओएलई डीबी’ निवडावे.

या मार्गाच्या दोन मर्यादा आहेत. चालविताना माहिती विचारणाऱ्या किंवा स्वतः लिहिलेल्या फंक्शनवर आधारलेल्या क्वेरी त्यातून वापरता येत नाहीत. तसेच तारखा व रकमा अ‍ॅक्सेसमधील मांडणीप्रमाणे येत नाहीत. तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी, अशी छापली जाण्याची शक्यता असते. वर्डच्या मर्ज फील्डमध्ये दिवस-महिना-वर्ष असा नमुना दिल्यास ही अडचण दूर होते.

डीडीईशिवाय गत्यंतर नसेल तर

अशा वेळी डावीकडची किंवा उजवीकडची शिफ्ट कळ दाबून धरून आधी अ‍ॅक्सेसमध्ये फाइल उघडावी आणि ती पूर्ण उघडेपर्यंत कळ सोडू नये. त्यामुळे ऑटोएक्झेक व सुरुवातीचा फॉर्म दोन्ही टळतात. फाइल उघडी ठेवूनच मग वर्डमध्ये मर्ज करावे. मात्र प्रोग्राम तयार करणाऱ्याने शिफ्टची वाट बंद केली असल्यास हा उपाय चालत नाही. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी वर्डमधील डीडीई फील्डचे आपोआप अद्ययावत होणे मूळ मांडणीत बंद केले. या जुन्या तंत्रावर फार काळ विसंबून राहणे त्यामुळे इष्ट नाही.

सर्वांत निर्धोक उपाय

नोटिसांसाठी वेगळी, मॅक्रो नसलेली अ‍ॅक्सेस फाइल तयार करावी. तिच्यात मूळ डेटाबेसमधील आवश्यक तक्ते केवळ लिंक करून घ्यावेत आणि मर्जसाठी वर्डला हीच फाइल द्यावी. तक्ते लिंक केल्याने मूळ फाइलचा मॅक्रो चालत नाही. मात्र लिंक केलेल्या तक्त्यातील बदल मूळ तक्त्यात होतो, म्हणून या फाइलमध्ये दुरुस्त्या करू नयेत. तेही नको असल्यास आवश्यक क्वेरी एक्सेलमध्ये काढून तिच्यावरून नोटिसा छापाव्यात. अर्थात ती यादी त्या दिवसापुरतीच खरी असते, म्हणून छपाईच्या दिवशीच काढावी.

कोणताही उपाय योजला तरी आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, चार-पाच सभासदांच्या नोटिसा छापून पाहाव्यात आणि त्यांतील रकमा खातेवहीशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्यानंतरच उर्वरित छपाई सुरू करावी.