फळमाशीच्या आतड्यातला मेद : अर्धशतकाचा मागोवा

फळमाशीच्या मेदाचा अभ्यास पचनापासून नव्हे, तर साठ्यापासून सुरू झाला. १९६० मध्ये विनिफ्रेड डोन यांनी 'अ‍ॅडिपोज' या उत्परिवर्ती माश्यांचे वर्णन केले. या माश्यांच्या मेदपिंडात वाजवीपेक्षा जास्त चरबी साचते आणि त्या उपासमारीत अधिक काळ तग धरतात. खाल्लेली चरबी आतड्यात फुटते कशी, पेशींत शिरते कशी, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक वर्षे मागे पडला. २००० मध्ये या माशीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या लायपेजशी, म्हणजे मेद फोडणाऱ्या विकरांशी, नाते सांगणारी जनुके एकदम नजरेसमोर आली.

धागा सापडला तो भलत्याच बाजूने. पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुके चालू-बंद करणारी १८ ग्राही प्रथिने फळमाशीत आहेत. त्यांपैकी डीएचआर९६ हे विषारी द्रव्यांना तोंड देण्याच्या कामी येते, असे २००६ मध्ये युटा विद्यापीठातील कार्ल थमेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत मॅथ्यू सीबर यांनी हे प्रथिन नसलेल्या माश्या तपासल्या. त्या रोड निघाल्या. अन्न काढून घेतले की इतरांच्या आधी मरत. चरबीयुक्त खाद्य दिले तरी लठ्ठ होत नसत. मेदाच्या थेंबांना लाल रंगवणारे ऑइल रेड ओ वापरले, की निरोगी माशीचे मध्यांत्र, म्हणजे आतड्याचा मधला भाग, लालभडक दिसते. या माश्यांचे फिकट राहते.

डीएचआर९६ गेले की अनेक जनुकांचे काम बिघडते. त्यांतले दोषी कोणते? उत्तर होते 'मॅग्रो', म्हणजे आपल्या जठरातील लायपेजचा भाऊबंद. बाकी बिघाड तसाच ठेवून फक्त मध्यांत्रात मॅग्रो पूर्ववत केले, तर माश्यांची चरबी परत आली. या साऱ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक प्रयोग हाच, कारण एवढ्या गुंत्यातून त्याने नेमके एक विकर वेगळे काढले.

२०१२ मध्ये मॅग्रोचे दुहेरी काम उलगडले. पुढच्या आतड्याच्या टोकाशी असलेल्या गाठीसारख्या भागात ते तयार होते, आतड्याच्या पोकळीत उतरते आणि ट्रायग्लिसराइड फोडते. शिवाय आतड्याच्या पेशींत ते कोलेस्टेरॉलच्या एस्टरांवरही काम करते. माशीला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावे लागते. म्हणून हा दुवा फार मोलाचा. कोलेस्टेरॉल शोषण्यासाठी 'एनपीसी१बी' हे जनुक लागते, हे २००७ मध्येच कळले होते. डीएचआर९६ स्वतः कोलेस्टेरॉलला चिकटते, हेही २००९ मध्ये दिसले. पेशीत शिरलेला मेद तिथून मुख्यतः डायग्लिसराइडच्या रूपात, लायपोप्रथिनांवर स्वार होऊन रक्तद्रवातून मेदपिंडाकडे जातो. हे वाहतुकीचे चित्र ड्रेस्डेनच्या सुझान ईटन यांच्या गटाने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

पुढची दोन वर्षे नियंत्रणाच्या वरच्या थराची होती. २०१३ मध्ये हाइनरिख यास्पर यांच्या गटाला आढळले, की वय वाढते तसे आतड्यातले 'फॉक्सओ' हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारे प्रथिन सतत जागे राहते, मॅग्रोला दाबते आणि मेदाचा समतोल ढळतो. २०१४ मध्ये नॉर्बर्ट पेरिमन यांच्या गटाने आतड्यातल्याच संप्रेरक पेशींकडे बोट दाखवले. या पेशी टॅकिकायनिन हे संप्रेरक सोडून शेजारच्या शोषक पेशींतली मेदनिर्मिती आवरतात. टॅकिकायनिन काढून टाकले, की तिथे मेद वाढतो.